बाबांची गोदीतली इंग्रजी

४ मार्च, सोमवार

पट्टा आवळला होता! बस्स, एवढंच होतं. चार दिवस बाबा तेच सांगत होते आणि आम्ही सगळे शहाणे "हो हो बाबा, बरं बरं" करून त्यांच्या तोंडात सूप घालत होतो.

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. हॉस्पिटलात व्यायामाच्या खोलीबाहेर बाबांची चाकाची खुर्ची लावून बसले होते. बाबांची बडबड चालूच — जानेवारीत झटका आल्यापासून चालू आहे तीच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जिभेवर नुसता भुसा राहिला. ना आपली भाषा, ना इंग्रजी. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून टाकलंय, "अर्थहीन बडबड". समोरच्या बाकावर गुडघा बांधलेला एक म्हातारा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला, बाबांकडे वाकला आणि काहीतरी विचारलं. तसल्याच बडबडीत! आणि बाबांनी जड जिभेने, अर्धमुर्धं का होईना, उत्तर दिलं! म्हातारा माझ्यावर डाफरला, "अहो बाई, त्याच्या पायाचा पट्टा सैल करा की. कधीपासून बोंबलतोय बिचारा."

पट्टा सोडला. घोट्यावर बोटभर रुंद लाल वळ. बाबांनी डोळे मिटून श्वास सोडला आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"कुठली भाषा ही?" मी विचारलं.

"कुठली म्हणजे? इंग्रजी! आमच्या गोदीतली."

बाबा! ज्यांनी अर्ध्या गावाला इंग्रजी व्याकरण शिकवलं, ज्यांच्यासमोर वाक्य चुकलं तर पोरं घाम पुसत, ते बाबा गोदीतल्या हमालांची इंग्रजी बोलतात! पण बोलतात!! बडबडत नाहीत, बोलतात. आज मी जाम खूश आहे.

५ मार्च, मंगळवार

दादाला फोन केला. दादा मोठा वकील, विमानानेच यावं लागेल इतका लांब. म्हणाला, "बाबा आणि तसलं इंग्रजी? अशक्य. त्या म्हाताऱ्याने काहीतरी ठोकून दिलं असेल." मी म्हटलं, मग घोट्यावरचा वळ कुणी ठोकून दिला? वकिलाला गप्प केलं! आजचा दिवस माझा.

७ मार्च, गुरुवार

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. बाई कसली, पोरच आहे. एवढीशी, आवाज बारीक, मान सारखी इकडे तिकडे. मी मनात नाव ठेवलंय चिमणी. मला वाटलं हसेल. हसली नाही, खुर्ची पुढे ओढून बसली. म्हणाली, "ताई, ज्याला तीन-चार भाषा येतात त्याची कुठली आधी परत येईल ते सांगता येत नाही. लहानपणी घरात काय बोलायचे?"

काय सांगणार कपाळ! बाबा एवढंच म्हणायचे, "आमच्या घरी फारसं कुणी बोलत नसे." आजी गोदीच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि आजोबा तिथेच रंगारी, हे माहीत होतं. आजी एका मुलखातली, आजोबा दुसऱ्या मुलखातले. एकमेकांची भाषा दोघांना येत नव्हती हे आज पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. मग संसार काय खाणाखुणांवर केला?

म्हणजे ही गोदीतली इंग्रजीच बाबांची मातृभाषा. आणि आम्हाला पत्ता नाही! चाळीस वर्षं एका घरात राहून!

चिमणीने दुसरंही सांगितलं, ते मात्र काळजीचं. पाच एप्रिलला मोठे डॉक्टर तपासायला येणार. बाबा तोपर्यंत स्वतःहून काही समजेल असं बोलले, सुधारणा दिसली, तर उपचार पुढे चालू. नाहीतर बाबांची ही उपचाराची वेळ पुढच्या पेशंटला. रांग मोठी आहे आणि हे काम करणारं गावात दुसरं कुणी नाही. "नुसतं माझ्यामागून म्हटलेलं धरत नाहीत," चिमणी म्हणाली, "मनातलं बोलायला हवं."

बघू. मीही त्यांचीच मुलगी आहे.

१० मार्च, रविवार

गुडघेवाल्या म्हाताऱ्याचं घर शोधलं. सापडलं! गोदीत क्रेन चालवायचे, म्हणून आजपासून क्रेनकाका. एकटेच असतात. चहात तीन चमचे साखर, पत्त्यात फसवतात (दोन डाव खेळले, दोन्हीत फसवलं) आणि बढाया विचारू नका. "अख्खं बॉयलर एका बोटावर उचललंय मी!" गोदी बंद पडून जमाना झाला. दहा ठिकाणची माणसं तिथे पोटासाठी आलेली, कुणाचं कुणाला कळेना. मग साहेबांची इंग्रजी उचलली, म्हणाले, तिची शिंगं कापली, शेपूट कापली आणि आपल्या गोठ्यात बांधली. पोरं त्यातच जन्मली, त्यातच भांडली, त्यातच प्रेमात पडली.

म्हटलं, रोज येऊन बाबांशी बोलाल का? म्हणाले, "येईन. पण फुकट नाही." मला वाटलं झालं, आता आकडा सांगणार. तर म्हणतात, "मला गाडी शिकव."

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते हे चौकशी करून ठेवलेलं! या वयात, या गुडघ्याने! हो म्हटलं. अडला हरी, दुसरं काय.

१३ मार्च, बुधवार

क्रेनकाकांचा पहिला धडा. क्लच म्हणजे त्यांना वैरी वाटतो. गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून आज ही रोजनिशी लिहितेय.

आणि खोड काय, तर माझा प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणतात! मी म्हणते, डावीकडे घ्या. ते ओरडतात, "डावीकडे घ्या!" आणि मग घेतात. सावकाश. "सावकाश!" थांबा. "थांबा!" कान किटले माझे. शेवटी म्हटलं, काका, मला चिडवताय का? ते खरोखरच बुचकळ्यात पडले. म्हणाले, "अगं, परत बोलल्याशिवाय कसं चालेल? खाली माणसं उभी असतात!"

गोदीची रीत आहे ती. खालचा इशारेवाला हुकूम ओरडणार, वर क्रेनवाला तो शब्दन् शब्द परत ओरडणार. सांगितलेलं परत आल्याशिवाय वजन जागचं हलायचं नाही. बायकासुद्धा घरात तसंच करायच्या म्हणे. "मीठ आण" म्हटलं की "मीठ आण" म्हणूनच पोरगं उठायचं. वस्तीतली पोरं चेंडू खेळायची नाहीत, क्रेन-क्रेन खेळायची.

मी गाडी कडेला घेतली. पोरं खेळायची — म्हणजे बाबाही!

१४ मार्च, गुरुवार

चिमणीला सांगितलं. ती खुर्चीवरून उडालीच. शनिवारी करून बघायचं.

१६ मार्च, शनिवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

क्रेनकाका खोलीच्या मधोमध उभे राहिले. डावा हात आडवा, उजव्याचा अंगठा वर. बाबा खिडकीकडे बघत बसलेले. काका एकदम गरजले, "होइस्ट स्लो!" म्हणजे, हळू उचल.

आणि बाबा — माझे बाबा, ज्यांच्या तोंडून दोन महिने आम्हाला कळेल असा एक शब्द नाही — मान झटकन वळवून गरजले, "होइस्ट स्लो!!"

खणखणीत. नर्स धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं. काका: "स्लॅक आवे!" (दोर ढिला सोड.) बाबा: "स्लॅक आवे!" काका: "ऑल स्टॉप!" बाबा: "ऑल स्टॉप!" चिमणी टेबलाला धरून रडतेय, मी रडतेय, काका मात्र असे उभे की जणू जहाजच उचललं. बाबांच्या डोळ्यांत जे काही होतं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मस्ती! शुद्ध मस्ती.

१९ मार्च, मंगळवार

चिमणीची युक्ती: काका हुकुमाचा शेवटचा शब्द खाऊन टाकतात, बाबांनी तो भरायचा. भरतात! मग दोन शब्द खातात. तेही भरतात. पोरगी दिसते चिमणीएवढी, पण डोकं घारीचं.

२१ मार्च, गुरुवार

आज मी सूप घेऊन गेले. बाबांनी चमचा बाजूला सारला आणि स्वतःहून, कुणी काही न विचारता म्हणाले, "मी नो वाँट. सूप बॅड-बॅड."

माझं सूप बेकार आहे!! आयुष्यातली सगळ्यात गोड शिवी. चिमणीने पळत येऊन लिहून घेतलं. काका म्हणाले, "खोटं नाही बोलला तो, मीही प्यायलोय."

२४ मार्च, रविवार

मीही शिकतेय. गाडीत काकांना गाडी शिकवते, सिग्नलला ते मला इंग्रजी. शाळेत इंग्रजीत काठावर पास होणारी मी, बाबा निकाल हातात धरून एवढंच म्हणायचे, "माझ्या घरात!" तीच मी आज मोठ्या तोऱ्यात काकांना विचारलं, जेवलात का, गोदीच्या इंग्रजीत. वाटलं, मोडकीतोडकी तर बोलायची, त्यात काय! काकांनी कपाळाला हात लावला. "असं नाही म्हणत! असं कुणी म्हणतं का? मेलेल्या माणसाला विचारतात असं." मग नीट सांगितलं. खाऊन झालं असेल तर एक, खात असाल तर दुसरं, रोजचंच असेल तर तिसरं. आणि मोठ्या माणसाला विचारायचं ते वेगळंच.

म्हणजे मी चुकीच्या इंग्रजीतही चुकते! हसून हसून पुरेवाट.

त्याहून मजा पुढे. नव्या धक्क्यावर पोरं आजकाल कशी बोलतात यावरून काका पेटले. "लाज आणली भाषेला! अर्धे शब्द गिळतात, मोबाइलमधले दुसरे घालतात. आमच्या वेळी असं बोलला असता तर इशारेवाल्याने खाली उतरवला असता!" मी म्हटलं, काका, तुम्ही अगदी बाबांसारखे बोलताय हो. रागावले. पाच मिनिटं आरसा नीट करत बसले.

चिमणीला हे सांगितलं तर ती म्हणते, सगळीकडे हेच आहे, ताई. 'यू' हा शब्दसुद्धा मुळात पुष्कळ माणसांसाठी होता. एकट्या माणसाला 'यू' म्हणायला लागले तेव्हा चिडणारे लोक होते. इंग्रजीत एकाच वाक्यात दोनदा नकार घालणंही एकेकाळी अगदी चारचौघांत चालायचं. मग कुणीतरी ठरवलं की एका गावच्या, एका थरातल्या माणसांचं बोलणं ते बरोबर आणि बाकीचं चूक. आधी बोललं जातं, नियम मागून येतात आणि मग नियमच मालकासारखे वागतात.

कानामागून आली आणि तिखट झाली, म्हटलं मी. चिमणीने ते वाक्यही लिहून घेतलं!

२७ मार्च, बुधवार

दादाने घोळ घातला. हॉस्पिटलला लांबलचक पत्र — माझ्या वडिलांना जाणूनबुजून अशुद्ध भाषा शिकवली जात आहे, त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का, शुद्ध इंग्रजीखेरीज काही चालणार नाही. वकिली भाषा, प्रत्येक ओळीत कलम. त्यावर हॉस्पिटलकडून चिमणीला हुकूम: काकांना आत घ्यायचं नाही, चित्रांची कार्डं वापरायची, शुद्ध इंग्रजीत.

फोन केला. म्हणतो, "उद्या बाबांचे विद्यार्थी भेटायला आले तर? कुणी न्यायाधीश आहे, कुणी प्राचार्य. त्यांच्यासमोर बाबा हमालासारखे बोलणार? लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत, निदान बाबा बोललेले तरी असतील. फोन आपटला. त्याने की मी, आठवत नाही. बहुतेक मीच.

२९ मार्च, शुक्रवार

तीन दिवस कार्डं. कप. किल्ली. कंगवा. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून. एक शब्द नाही.

३० मार्च, शनिवार

दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरळ बाबांच्या समोर उभा केला. काही समजावलं नाही, गाढवापुढे गीता किती वाचायची? दादाने सुरुवात केली, स्वच्छ, इस्त्रीच्या इंग्रजीत, गुड इव्हिनिंग फादर वगैरे. बाबा बघत राहिले. मग बाबांनी डावा हात वर केला, स्क्रीनवर दादाच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, "यू कम. यू नो-कम लाँग-लाँग. यू कम होम."

दादाचा चेहरा लिहून सांगता येणार नाही. वकील, पन्नाशीचा, टाय घातलेला — आणि तोंड एकदम पाच वर्षांच्या पोराचं. त्याला कळलं. शब्दन् शब्द कळला. बाबांनी जन्मात त्याला "ये" म्हटलेलं नाही. "परीक्षा कधी" एवढंच विचारायचे.

कॉल बंद झाला. थोड्या वेळाने मेसेज: "जसं चाललं होतं तसं चालू दे. हॉस्पिटलला कळवतो."

विजय! दणदणीत विजय! काकांना सांगायला गेले तर ते क्लचचा सराव करत होते — स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, पायाखाली पाट घेऊन.

२ एप्रिल, मंगळवार

काका परत. बाबा बोलते. दिवस मात्र थोडे उरलेत. तीन दिवस वाया गेले त्याचा राग अजून जात नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

आज काय झालं ते आधी सांगून टाकते: पास! आता सविस्तर.

मोठे डॉक्टर वेळेवर आले. उंच, थकलेले, हातात छापील तक्ता. पहिलीच माशी शिंकली: "एकच नातेवाईक आत." काका बाहेर! चिमणी पांढरीफटक. सगळी तयारी काकांच्या आवाजावर केलेली. काका माझ्या कानात म्हणाले, "जा, तू ओरड. घसा मोठाय तुझा."

आत कप, किल्ली, कंगवा. बाबा गप्प. "सर, हे काय आहे?" गप्प. डॉक्टर फुली मारतात. "हे?" फुली. बाबांचं लक्ष त्यांच्या पेनाकडे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर फुल्या मारल्या, त्यांना कळणार नाही होय काय चाललंय ते? त्यांची मान खाली जायला लागली. मला ते बघवेना.

उठले. खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि ड्रायव्हिंग स्कूलचा सगळा घसा लावून ओरडले, "होइस्ट स्लो!" आणि मग आठवलं, हात राहिलाच, म्हणून घाईघाईने हात आडवा केला.

डॉक्टर दचकले. बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं — निकाल हातात धरून बघायचे ना, अगदी तसं! भुवई वर, ओठ मुडपलेले. मला वाटलं आता परत ओरडतील. नाही ओरडले. डावा हात उचलला आणि सावकाश, एकेक शब्द चघळत म्हणाले, "नो-नो. यू डू राँग. हँड फर्स्ट. टॉक आफ्टर. मॅन बिलो, ही डाय!"

आधी हात, मग हुकूम. नाहीतर खालचा माणूस मरतो. बाबा मला शिकवत होते! कुणाच्या मागून म्हटलेलं नाही, भरायला दिलेलं नाही — स्वतःच्या डोक्यातलं, चार वाक्यं, सलग!

डॉक्टरांचं पेन थांबलं. "पण हे इंग्रजी..." म्हणाले, "तक्त्यात हे कुठे बसवू?"

आणि आमची चिमणी, एवढीशी, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "डॉक्टर, ते काय म्हणाले ते तुम्हाला कळलं का?"

"कळलं की."

"मग?"

एवढंच म्हणाली. "मग?" मी तिच्या जागी असते तर अर्धा तास भाषण ठोकलं असतं.

डॉक्टरांनी तक्ता खाली ठेवला. मग आपला हात आडवा केला — आधी हात! — आणि बाबांना विचारलं, "हाऊ यू, सर?" मोडकंतोडकं, त्यांच्या परीने. बाबा म्हणाले, "मी टायर्ड. यू टॉक टू-मच."

डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तक्ता उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: स्वतःहून बोलतात, चूक काढतात, तक्रार करतात. उपचार चालू ठेवावेत.

बाहेर काकांनी दाराला कान लावलेला. मी सांगायच्या आत म्हणाले, "हात आधी, पोरी! किती वेळा सांगितलं?"

६ एप्रिल, शनिवार

झोपले. पोटभर झोपले.

१४ एप्रिल, रविवार

बाबांना हॉस्पिटलातून घरी सोडलंय, आज माझ्या गाडीत बसवलं. पहिल्यांदा! "गाडी शिकवणं म्हणजे शिकवणं नव्हे" म्हणायचे, पाऊल ठेवलं नव्हतं कधी. काका चालवतायत, मी शेजारी, बाबा मागे. मी म्हणते, उजवीकडे. काका ओरडतात, "उजवीकडे!" मागून बाबा ओरडतात, "उजवीकडे!" आपल्या भाषेत! बाबांची आपली भाषा परत आली, गाडीच्या मागच्या सीटवर बसून! वाटेत लोक वळून बघत होते. बघू देत.

बाबांनी गोदीची भिंत दाखवली. आतून झाडं वाढलीत. काकांना म्हणाले, तिथे माझी आई कपडे वाळत घालायची. काका म्हणाले, कोण, ती मोठ्याने हसायची ती? बाबा म्हणाले, हो, तीच. आमच्या घरी कुणी बोलत नसे म्हणणारे बाबा!

आजी मोठ्याने हसायची. मला हे आज कळलं.

२१ एप्रिल, रविवार

बाबांनी आज हाक मारली, "नकटे, चहा." माझं लहानपणचं नाव. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं नळ सोडून ठेवला, मग चहा टाकला.

२८ एप्रिल, रविवार

आज बाबांनी पेपर हातात धरला, इंग्रजी. बोट फिरवत फिरवत एका मथळ्यावर थांबले आणि म्हणाले, हे चुकलंय. शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले! खरंच चुकलेलं होतं, चिमणीने बघितलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. दादाचं तिकीट काढून झालंय, दोन आठवड्यांनी येतोय. सगळं एकदम मनासारखं होतंय, दृष्ट लागेल म्हणून हळू लिहितेय.

३ मे, शुक्रवार

क्रेनकाका पास!! लायसन्स मिळालं! परीक्षा घेणाऱ्या साहेबाने सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी त्याला ओरडून परत ऐकवलं. साहेब म्हणाला, एवढं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी या खुर्चीत पाहिला नाही. संध्याकाळी काका ऐटीत लायसन्स घेऊन बाबांना दाखवायला आले. नवी टोपी घालून. बाबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "फेस बॅड-बॅड." दोघं लोळायचे बाकी राहिले हसून.

६ मे, सोमवार

आज बाबा सलग बोलले. न अडखळता, जुन्या शाळेतल्या इंग्रजीत, शब्दाला शब्द चिकटलेला. चिमणी, मी, क्रेनकाका, सगळे होतो. म्हणाले, या गृहस्थांना कृपा करून सांगा की उद्यापासून येऊ नका. यांच्या बोलण्याने माझी भाषा बिघडते आहे.

वाक्य संपायच्या आत चिमणीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. मग तिचे हात तसेच राहिले.

मी जन्मात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. गोदीच्या इंग्रजीत ओरडले, दुसरी कुठली सुचलीच नाही. क्रेनकाका दारात टोपी हातात धरून उभे, डोळे भरलेले, आणि मलाच गप्प करतायत, "अगं ओरडतेस काय! ऐकलंस का काय बोलला? एक चूक नाही गं! एक चूक नाही!"